हाजराच्या काखेतलं पाणी

हाजरा गनाई माझ्या नजरेत पहिल्यांदा भरली ती तिच्या बाटलीमुळे.

काश्मीरमधला मार्चचा पहिला आठवडा होता. हिवाळ्याची सुट्टी संपून शाळा उघडली होती, पण ते नळांना कुणी सांगितलं नव्हतं. ते अजून गोठलेलेच होते. मुलं घरून पाणी आणायची. फिरनच्या, म्हणजे पायघोळ लोकरी अंगरख्याच्या आत एका हातात निखाऱ्यांची कांगडी, दुसऱ्या हातात बाटली. तरी शाळेत पोचेपर्यंत निम्म्या बाटल्यांच्या तोंडाशी बर्फाचा बोळा बसलेला असायचा. मग त्या बाटल्या वर्गातल्या बुखारीच्या लोखंडी शेगडीभोवती मांडल्या जायच्या आणि कुणाचं तरी लक्ष गेलं नाही की एखादी वितळून वाकडी व्हायची.

सहावीच्या वर्गात तिसऱ्या बाकावरची एक मुलगी मात्र बुखारीजवळ आली नाही. तिनं बाटली उलटी धरली होती. झाकण खाली, बूड वर.

"सांडेल ना गं," मी म्हणालो.

"नाही सांडत, मास्टरजी. झाकण घट्ट आहे."

"पण उलटी कशाला?"

तिनं माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं. मास्टरजींची तब्येत बरी आहे ना, अशी ती नजर होती.

"बर्फ वरून धरतो. बूड वर ठेवलं की बर्फ बुडाशी धरतो. तोंडाशी पाणीच राहतं." एवढं बोलून तिनं बाटली सरळ केली, झाकण उघडलं आणि ती घटाघटा पाणी प्यायली.

मी तेव्हा अठरा वर्षं विज्ञान शिकवत होतो. तळ्यातलं पाणी वरून गोठतं, म्हणून खाली मासे जगतात, हे दरवर्षी फळ्यावर तळं आणि मासे काढून समजावत होतो. माझी स्वतःची बाटली त्या क्षणी टेबलावर सरळ उभी होती आणि तिच्या तोंडाशी बर्फ होता.

"कुणी शिकवलं तुला हे?"

"कुणी नाही. रोज भांडण व्हायचं बाटलीशी. एक दिवस रागानं उलटी कोंबली दप्तरात, तर चालली."

त्या दिवसापासून मी तिच्याकडे लक्ष ठेवून होतो. हुशार म्हणावी तर गणितात काठावर पास. अक्षर तर असं की तिची वही तपासताना चष्मा दोनदा पुसावा लागे. पण एखादी गोष्ट अडली की ती रडत नसे, त्या गोष्टीशी भांडत बसे. हे मी फार थोड्या मुलांत पाहिलंय.

तिचा बाप सोनाउल्लाह गुलमर्गला स्लेज ओढायचा. लाकडी स्लेजवर पाहुण्याला बसवायचं, दोरी खांद्यावर घ्यायची आणि चढावर ओढत न्यायचं, हे काम तो पंधराव्या वर्षापासून करत होता. स्वभावानं गमत्या. "मास्टरजी, माझ्यात आणि घोड्यात फरक एवढाच, की पाहुणे घोड्याला विचारत नाहीत, भाऊ, सफरचंदं कशी दिली," असं म्हणायचा. हाजराच्या आईचं नाव राहती. ती घरी शिवणकाम करायची. सगळ्या वस्तीचे फिरन तिच्या हातचे. तिची मतं पक्की होती. त्यातलं सर्वांत पक्कं मत असं, की हिवाळ्यात कच्चं पाणी पिणारा माणूस वसंत बघत नाही. हिवाळ्यात मिठाचा चहा प्यायचा, तोही समावारच्या तांब्याच्या किटलीतून, तोही दिवसातून सहा वेळा.

हाजरा नववीत असताना गुलमर्गला मुलींसाठी बर्फावरच्या खेळांचं शिबिर निघालं. सोबत एक शिक्षक हवा होता. मला धाडण्यात आलं, कारण बाकी सगळ्यांनी गुडघेदुखीचे दाखले आधीच आणून ठेवले होते. बहुतेक मुलींनी दोन पायांना दोन पट्ट्या बांधून घसरायचं शिकायला घेतलं. कोपऱ्यात दोन रुंद बोर्ड पडून होते. दोन्ही पाय एकाच फळीला जखडून आडवं उभं राहायचं, हे बघूनच मुली मागे सरकत होत्या. हाजरानं त्यातला एक उचलला.

"हाच का?" मी विचारलं.

"लहानपणी अब्बांच्या रिकाम्या स्लेजवर मी अशीच आडवी उभी राहायचे, मास्टरजी. ते ओरडायचे. इथं कुणी ओरडणार नाही."

शिकवणारा अर्थातच ओरडला. पण तिसऱ्या दिवशी त्याचं ओरडणं थांबलं आणि पाचव्या दिवशी तो इतरांना म्हणू लागला, "हिच्या गुडघ्यांकडे बघा."

त्या शिबिरात मला एक गोष्ट खटकली. सकाळी मुली बाटल्या भरून वर न्यायच्या आणि संध्याकाळी परत आणायच्या. विचारलं की सगळ्यांचं एकच उत्तर, "गोठलं, मास्टरजी." दुपारनंतर कुणाचं डोकं दुखायचं, कुणाला मळमळायचं. सोबतच्या डॉक्टरबाई म्हणायच्या, उंचीवर श्वासातूनच अंगातलं पाणी जातं, थंडीत तहान लागल्याचं कळत नाही, पाणी प्या. मुली माना डोलवायच्या.

एका संध्याकाळी मी सहज एक बाटली उचलून हलवली. आतलं पाणी खळखळलं. दुसरी हलवली. तीही खळखळली.

हाजरा तिथंच बूट सोडत बसली होती. मी तिला विचारलं. तिनं आधी बुटाची नाडी सोडवून घेतली, मग मान वर न करता म्हणाली, "प्यायलं तर जायचं कुठं, मास्टरजी? मुलगे झाडाआड जातात. आम्हाला चार थर उतरवावे लागतात, आणि वर तर झाडंही नाहीत."

मला दोन मुली आहेत. त्यांना मी लहानाचं मोठं केलंय. तरी हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

पुढे ती बारामुल्ल्याच्या कॉलेजात गेली, पदवीधर झाली, आणि हिवाळे सगळे बर्फावर काढले. बाविसाव्या वर्षी तिनं जाहीर केलं, की तिला बोर्ड शिकवायचं काम हवंय, त्यासाठीची परीक्षा ती देणार. सोनाउल्लाहनं ऐकून घेतलं. तो वाईट बाप नव्हता. त्यानं मला घरी बोलावलं आणि माझ्यासमोर हिशेब मांडला.

"मास्टरजी, सोपोरला हिच्या मावसभावाच्या ओळखीनं सफरचंदांच्या शीतगृहात कारकुनाची जागा आहे. बारा महिने काम, डोक्यावर छप्पर. मी तीस वर्षं बर्फावर उभा आहे. बर्फावर उभं राहून आयुष्य निघत नाही, पाय तेवढे निघून जातात."

"मला ओढायचं नाहीये, अब्बा. शिकवायचंय," हाजरा म्हणाली.

"दोन हिवाळे," सोनाउल्लाह म्हणाला. "मास्टरजी साक्षीला आहेत. दोन हिवाळ्यांत झालं तर झालं. नाही तर सोपोर. मग कुरकुर ऐकणार नाही."

"नाही करणार."

राहतीनं चहा ओतता ओतता विचारलं, "आणि त्या परीक्षेत खायला प्यायला काय देतात?"

परीक्षा साधी होती आणि अवघडही. केबल कारनं अफरवटच्या डोंगरावर जायचं, चार नवशिक्यांची तुकडी सोबत घ्यायची, दिवसभर त्यांना शिकवत, सांभाळत खाली आणायचं. आपण किती छान घसरतो हे कुणी बघत नाही. आपली माणसं कशी आहेत ते बघतात.

पहिल्या हिवाळ्यात हाजरानं जे केलं ते आमच्याकडच्याच माणसाच्या डोक्यात येऊ शकतं. त्या दिवशी वर उणे सोळा होतं. पाणी गोठू नये म्हणून तिनं विचार केला, कांगडीजवळ आजवर काही गोठलंय का? तिनं लहान मुलाची छोटी कांगडी घेतली, निखारे राखेखाली नीट दडपले, कांगडी जुन्या पटूच्या लोकरी तुकड्यात गुंडाळली आणि पाठपिशवीत बाटलीच्या शेजारी उभी केली. वर पोचलं की कांगडी तिथल्या चहावाल्याकडे ठेवायची, असा बेत होता.

केबल कारच्या बंद डब्यात ती, तिच्या तुकडीतल्या चारपैकी दोन मुली आणि एक परीक्षक. अर्ध्या वाटेत परीक्षक म्हणाले, "जळकं काही येतंय का?"

"गावातली बुखारी असेल, सर," हाजरा म्हणाली. डबा तेव्हा गावापासून दोन हजार फूट वर होता.

मधल्या स्टेशनला उतरेपर्यंत पिशवीतून धुराची रेघ निघत होती. तिथं बायकांच्या झडतीला परमिंदर कौर नावाच्या शिपाईबाई असायच्या. उंच, पंजाबी, आवाज असा की त्यांनी "पुढे" म्हटलं की रांगेतले पुरुषही पुढे व्हायचे. त्यांनी पिशवी हिसकावली, सगळ्यांना मागे रेटलं आणि उघडली. बाटली वितळून तिच्यातलं पाणी कांगडीवर सांडलं होतं. आत राखेचा चिखल.

"ही काय भाजी शिजवतेयस?" परमिंदरबाई म्हणाल्या.

"पाणी गरम ठेवत होते, मॅडम."

"मग झालं ना गरम. पी आता."

रांग हसली. हाजरा हसली नाही. त्या दिवशी दिवसभर ती पाण्याशिवाय राहिली. दोन वाजता उतारावर तिच्या पोटरीत असा गोळा आला की ती जागीच बसली, आणि तिच्याच एका विद्यार्थिनीनं तिचा बोर्ड काखेत मारून तिला खाली आणलं. निकालाला थांबायची गरजच नव्हती.

गावात महिनाभर ती 'कांगडीवाली' होती. बेकरीवाला रोटी देताना विचारायचा, "भाजून देऊ की वर जाऊन भाजशील?" सोनाउल्लाह सर्वांबरोबर हसायचा आणि घरी आला की दोरीच्या गाठी सोडवत बसायचा. एक हिवाळा संपला होता.

मी त्याच वर्षी निवृत्त झालो. वेळ भरपूर होता, त्यामुळे पुढचे सगळे प्रयोग मी जवळून पाहिले. डिसेंबरमध्ये तिच्या चुलतभावानं दिल्लीहून एक पाठपिशवी आणली. आत पाण्याची थैली, तिच्यातून निघालेली लांब नळी खांद्यावरून तोंडाशी. हाजरा नळी तोंडात धरून अंगणात उभी राहिली तेव्हा सोनाउल्लाह म्हणाला, "वा! आता तंबाखू भर, म्हणजे आजोबांचा हुक्का झाला." ती नळी वीस मिनिटांत गोठली. मग हाजराला कुणीतरी सांगितलं की पाणी ओढून झालं की नळीत उलट फुंकायचं, म्हणजे नळी रिकामी राहते. ते आमच्या वस्तीत चाललं, वर वाऱ्यात चाललं नाही. शिवाय ती म्हणाली, दमलेल्या माणसाला फुंकायची आठवण राहत नाही.

मग तिनं स्टीलची बाटली पोटाशी बांधली, कांगडी धरतो त्या जागी. पाणी छान कोमट राहिलं. पण बोर्डावरचा माणूस दिवसातून दहा वेळा तोंडावर पडतो. दुसऱ्याच दिवशी तिच्या बरगडीखाली निळा-जांभळा डाग उठला. राहतीनं तो पाहिला आणि तिचा पारा चढला.

"पोट आहे की ढोल? आत धातू बांधून वरून आपटतेस? मी म्हणते चहा ने. मिठाचा चहा ने!"

"मौजी, मिठानं तहान वाढते."

"मी त्रेचाळीस वर्षं पितेय. माझी वाढली?"

"तू कधी अफरवटवर गेलीस?"

"मला काय वेड लागलंय?"

दोघी दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मी गेलो तर राहती शिवणयंत्रावर बसली होती आणि समोर जुन्या पटूच्या घोंगडीचे तुकडे होते. हाजरानं बाजारातून मऊ प्लास्टिकची, घडी होणारी चपटी पाण्याची पिशवी आणली होती. राहती तिच्यासाठी दुहेरी लोकरीचं पाकीट शिवत होती. खांद्यावरून तिरपा पट्टा, पाकीट डाव्या काखेखाली, सगळ्यात आतल्या सदऱ्याला लागून. माणूस पुढे पडो, मागे पडो, काखेवर सहसा पडत नाही. आणि मऊ असल्यानं पडला तरी बरगडीला काही होत नाही.

"गरम पाणी भरायचं, उकळतं नाही," राहती मला म्हणाली. जणू ही तिचीच कल्पना. "कच्चं तर नाहीच नाही. उकळून, निववून, मग."

"बरं."

"आणि मास्टरजी, तुम्ही हिला विज्ञान शिकवलंत ना? मग हे तुम्हाला का नाही सुचलं?"

मी चहा प्यायलो आणि घरी आलो.

हाजरानं तो पट्टा बांधून चार दिवस वर काढले. पाणी संध्याकाळपर्यंत कोमट राहिलं. सोनाउल्लाहसुद्धा म्हणाला, "आता जमलं." पण हाजरा खूश दिसत नव्हती. मला तिनं वाटेत गाठून सांगितलं, "मास्टरजी, पाणी वर न्यायचं कसं ते कळलं. पण माझ्या मुली ते पिणार नाहीत. मी त्यांच्या जागी असते तर मीही प्यायले नसते."

दुसऱ्या दिवशी ती परमिंदरबाईंकडे गेली. हे सगळं त्या बाईंनीच मला नंतर सांगितलं, हातवारे करून. मधल्या स्टेशनला शिपाईबाईंसाठी पत्र्याची एक खोली आहे, तिच्या मागे त्यांची स्वतःची मोरी. हाजरा दारात उभी राहिली.

"तू ती कांगडीवाली ना?"

"हो, मॅडम."

"आज पिशवीत काय आहे? तंदूर?"

"काही नाही. एक मागायचंय." आणि तिनं सरळ मागितलं. परीक्षेच्या दिवशी अकरा वाजता पाच मुलींसाठी ती मोरी.

परमिंदरबाई म्हणाल्या, "मी इथं तिसरा हिवाळा काढतेय. बायकांच्या पिशव्या तपासते. कुणी दोन बाटल्या नेतं, कुणी तीन. उतरताना सगळ्या भरलेल्या. मला वाटायचं, काश्मिरी बायकांना तहान लागत नाही." मग त्यांनी आवाज चढवला, कारण हळू बोलणं त्यांना फार वेळ जमत नाही. "घेऊन ये! पण बूट झाडून या. माझी खोली आहे ती, तबेला नाही."

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात परीक्षा झाली. त्या वर्षी मुख्य परीक्षक उत्तराखंडहून आलेले नेगीसाहेब होते. बोलणं कमी, घड्याळ मोठं. नियम त्यांनी सकाळीच सांगितला. दुपारी दोनच्या आत तुकडी पायथ्याशी हवी. उशीर झाला तर गुण कापले जातील, आणि गुण काठावर असतील तर नापास. हाजरासह चार उमेदवार, बाकी तिघे मुलगे.

वर जाण्याआधी हाजरानं आपल्या चार मुलींच्या गळ्यात चार पट्टे घातले. राहतीनं रात्रभर नव्हे, आठवडाभर बसून ते शिवले होते आणि एकावर हौसेनं चिनारचं पान काढलं होतं. त्या पानावरून दोघींचं भांडण झालं.

"प्रत्येक थांब्याला दोन घोट," हाजरा म्हणाली. "मी बघणार आहे, तोंड ओलं करून फसवायचं नाही. अकरा वाजता आपण मधल्या स्टेशनला उतरू. तिथं आपल्यासाठी दार उघडं आहे. मी बोलून ठेवलंय. म्हणून आत्ता प्या. घाबरून पिणं थांबवू नका."

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. एक म्हणाली, "खरंच उघडं आहे?"

"खरंच."

मी आणि सोनाउल्लाह पायथ्याशी चहाच्या टपरीजवळ उभे होतो. त्यानं त्या दिवशी स्लेज ओढली नाही, पण दोरी खांद्यावर होतीच. ती नसली तर त्याला चालताना तोल जातो म्हणे. पावणेदोनला पहिला मुलगा तुकडी घेऊन आला. त्याच्या माणसांतला एक जण डोकं धरून बर्फात बसला. मग दुसरा आला, मग तिसरा. तिसऱ्याच्या तुकडीतली एक मुलगी टपरीमागे जाऊन ओकली. पण वेळेत आले सगळे.

दोन वाजले. उतार रिकामा.

"गेलं," सोनाउल्लाह म्हणाला. "सोपोर."

"थांब जरा."

"मास्टरजी, तुम्ही निकाल लावायचात तेव्हाही असंच म्हणायचात."

दोन वाजून दहा मिनिटांनी त्या पाच जणी दिसल्या. रांगेत, अंतर ठेवून, एकही न पडता. शेवटच्या उतारावर हाजरा सगळ्यांच्या मागे होती, कुणी मागे राहू नये म्हणून. मुली बोलत येत होत्या. शेवटच्या वळणावर एक तर हसत होती.

नेगीसाहेबांनी घड्याळ पाहिलं आणि वही उघडली.

"दहा मिनिटं उशीर. मधल्या स्टेशनला तुमची तुकडी बावीस मिनिटं थांबली, असं माझ्या माणसानं लिहिलंय. कशासाठी?"

आजूबाजूला गर्दी होती. उमेदवार, त्यांचे भाऊ, घोडेवाले, टपरीवाला. हाजरानं एकदा बापाकडे पाहिलं. ती म्हणू शकली असती, बोर्डाचा पट्टा सैल झाला होता. सगळ्यांनी मानलं असतं.

"लघवीला गेलो होतो, सर. पाचही जणी."

कुणीतरी फिसकन हसलं. सोनाउल्लाहनं मान खाली घातली. नेगीसाहेबांचं पेन वहीवर थांबलं.

"सर, आम्ही मुली वर पाणी पीत नाही," हाजरा म्हणाली. "बाटली गोठली असं सांगतो. कधी गोठतेही. पण नसती गोठली तरी प्यायलो नसतो, कारण मग जायचं कुठं? मागच्या वर्षी माझ्या पायात गोळा आला. लोक म्हणतात, कांगडीमुळे पाणी सांडलं म्हणून. तसं नाही. बाटली चांगली असती तरी मी ती भरलेलीच खाली आणली असती. यंदा चौघींनाही पाणी पाजायचं होतं, म्हणून आधी जागा मागून घेतली. बावीस मिनिटं लागली, कारण थर फार असतात. गुण कापा, सर. पण कारण लिहा."

सोनाउल्लाह माझ्या शेजारून पुढे सरकला. मला वाटलं, हा आता मुलीला दंडाला धरून घरी नेतो.

"साहेब," तो म्हणाला, "मी तिचा बाप. तीस वर्षं स्लेज ओढतोय. दुपार झाली की बायका म्हणतात, भाऊ, आता खाली चला, लवकर चला. पुरुष नाही म्हणत. मला वाटायचं, बायकांना थंडी जास्त वाजते." त्यानं खांद्यावरची दोरी उगाच या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "तीस वर्षं मला हेच वाटायचं, साहेब."

नेगीसाहेब चौघींकडे वळले. "डोकं कुणाचं दुखतंय?"

"कुणाचंच नाही."

"मळमळ?"

"भूक लागलीय, सर," चिनारच्या पानवाली म्हणाली.

त्यांनी हाजराकडे हात पुढे केला. तिनं काखेतलं पाकीट सोडवून दिलं. त्यांनी पिशवी दाबून पाहिली, एक घोट घेतला. "कोमट आहे," ते स्वतःशीच म्हणाले. मग आपल्या जाकिटाच्या बाहेरच्या खिशातली बाटली काढून हलवली. आत दगड पडल्यासारखा आवाज झाला. ती त्यांनी परत खिशात घातली आणि वहीत बराच वेळ लिहीत राहिले. काय लिहिलं ते आम्हाला दिसलं नाही.

निकाल तीन दिवसांनी भिंतीवर लागला. सोनाउल्लाहला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून तो मला ओढत घेऊन गेला, अक्षरशः, बाहीला धरून. यादीत दोन नावं होती. दुसरं हाजराचं. उशिराचे गुण कापले होते. 'तुकडीची काळजी' या रकान्यात मात्र चौघांतले सर्वांत जास्त गुण तिला होते.

"नीट वाचा, मास्टरजी. तुमचा चष्मा जुना आहे."

"नीटच वाचलंय."

त्यानं त्या ओळीवरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाला, "सोपोरला फोन करतो. म्हणावं, जागा दुसऱ्या कुणाला द्या. उगाच अडवून ठेवायची नाही." आणि फोन कानाला लावून तो इतक्या मोठ्यानं बोलला, की सोपोरला फोनशिवायही ऐकू गेलं असतं.

या गोष्टीला सात वर्षं झाली. हाजरा आता तिशीची आहे. डिसेंबर ते मार्च ती गुलमर्गला मुलींना बोर्ड शिकवते, बाकीचे महिने खालच्या टंगमर्ग गावातल्या एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. यंदा तिच्या तुकडीत चौदा मुली आहेत. सकाळी साडेआठच्या सुमो गाडीनं ती वर जाते, काखेत कोमट पाणी घेऊन.